सोबत आलेलं एमक्यू दर तिमाहीला पैसे मागतंय? आधी एवढं तपासा

तिमाही संपत आली की मला तीन-चार फोन ठरलेले असतात. लोट्याहून, उरणहून, कधी कुडाळहून. गाव बदलतं, तक्रार बदलत नाही: "आम्ही एमक्यू विकत घेतलंच नाही, तरी रिपोर्टात त्याची बाकी दिसते." कुडाळच्या एका कारखान्याचे व्यवस्थापक तर नमस्काराच्या आधीच म्हणाले, "तां फुकट इल्लां मां? मगे पैशे कसले?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर देता देता माझी इतकी वर्षं गेली, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. हे आयबीएमच्या ॲप कनेक्ट एंटरप्राइझबद्दल (वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींना जोडणारं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं एसीई म्हणतो) आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या एमक्यूबद्दल (प्रोग्रामांमधले संदेश रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर) आहे. दुसऱ्या कंपनीचं इंटिग्रेशन आणि त्यासोबतचं मेसेजिंग वापरत असाल तर कमांड वेगळ्या असतील, पण तपासायचा क्रम बहुतेक हाच लागू पडेल.

लक्षणं

- कुठे काय इन्स्टॉल आहे ते मोजणाऱ्या आयबीएमच्या लायसन्स मेट्रिक टूलच्या (आयएलएमटी) तिमाही रिपोर्टात एसीईच्या ओळीखाली "आयबीएम एमक्यू" अशी वेगळी ओळ येते आणि तिच्यापुढे २८०, ५६० असा आकडा असतो. मागच्या खेपेला निस्तरलेलं असतं, तरी परत येतं. नव्वद टक्के फोन याचेच.
- क्यू मॅनेजर (एमक्यूचा रांगा सांभाळणारा भाग) सुरू करताना "ट्रायलचे इतके दिवस उरले" असं छापून येतं. किंवा एके सकाळी तो सुरूच होत नाही, आणि मोजून बघावं तर इन्स्टॉल करून ९० दिवस उलटलेले असतात.
- नव्या मशीनवर सगळं हिरवं दिसतं, पण फ्लोमधून (एसीईत संदेशाला आखून दिलेल्या मार्गातून) सेकंदाला एकच संदेश सरकतो. लोक नेटवर्कला शिव्या घालतात.
- विक्रेत्याकडून किंवा ऑडिटरकडून गोड भाषेत मेल येतो: या क्यू मॅनेजरला कोणकोणती ॲप्लिकेशन्स जोडलेली आहेत ते कळवावं.

चारही लक्षणांचं मूळ एकाच गैरसमजात आहे. "सोबत आलं" याचा अर्थ "आपलं झालं" असा घेतला जातो.

कोकणात वहिवाट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शेजाऱ्याच्या आवारातून तुमच्या विहिरीवर जायची वाट आहे. घागर घेऊन रोज जा, कुणी हूं की चूं करणार नाही. त्याच वाटेने चिऱ्यांचा ट्रक आत घातलात की दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी पंच उभे, आणि पुढची वीस वर्षं कोर्टाच्या तारखा. वाट तीच आणि जाणारा माणूसही तोच, पण वापर बदलला. एसीईसोबतचं एमक्यू ही अशी वहिवाट आहे. लायसन्सच्या कागदात एसीई हा मुख्य प्रोग्राम असतो आणि एमक्यू त्याला साहाय्य करणारा. तो मुख्याच्या कामासाठी वापरायचा, स्वतंत्र धंद्यासाठी नाही.

गोंधळाला थोडा इतिहासही कारण आहे. १९९३ साली एमक्यूसिरीज या नावाने आलेलं हे सॉफ्टवेअर पुढे वेबस्फिअर एमक्यू झालं आणि २०१४ पासून आयबीएम एमक्यू. एसीईचंही तसंच: आधी मेसेज ब्रोकर, २०१३ पासून इंटिग्रेशन बस, २०१८ पासून ॲप कनेक्ट एंटरप्राइझ. जुन्या ब्रोकरला क्यू मॅनेजरशिवाय जन्मच घेता येत नसे. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात दोन्ही एकच आहेत, ब्रोकर टाकला म्हणजे एमक्यू आलंच. इंटिग्रेशन बसच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ही सक्ती गेली. एमक्यू लागत असेल तरच वेगळं इन्स्टॉल करायचं. सवय मात्र गेली नाही, आणि आजही कितीतरी ठिकाणी एकही फ्लो क्यू वापरत नसताना एमक्यू टाकलेलं सापडतं.

पहिली तपासणी: कागद (खर्च: दोन चहा)

सर्व्हरला हात लावण्याआधी दोन कागद समोर घ्या. एक, खरेदीचा हक्क दाखवणारं प्रमाणपत्र, पीओई. ते पासपोर्ट ॲडव्हांटेजच्या (आयबीएमच्या लायसन्स-खरेदीच्या योजनेच्या) खात्यात असतं, आणि खात्याचा पासवर्ड बहुधा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो. त्याला फोन करा. दोन, तुमच्या आवृत्तीचा लायसन्स माहितीचा दस्तऐवज. तो इन्स्टॉलच्या फोल्डरमध्येच लायसन्सच्या उपफोल्डरात पडलेला असतो.

आवृत्तीवर जोर देतोय, कारण शब्दरचना आवृत्तीगणिक बदलते. अकराव्या आवृत्तीचा कागद वाचून बाराव्याबद्दल वाद घालणारे मी पाहिले आहेत, त्यांत एकदा मीही होतो. छापून काढा, हायलायटर घ्या आणि तीनच गोष्टी शोधा. साहाय्यक प्रोग्रामांच्या यादीत एमक्यूचं नाव आहे का? असल्यास साधं एमक्यू की एमक्यू ॲडव्हान्स्ड (जास्तीच्या सोयी असलेलं)? आणि ते कुठे व कशासाठी वापरायची मुभा आहे?

ही तपासणी पहिली का? कारण यंत्रावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. विकत घेतलेलं एमक्यू आणि सोबत आलेलं एमक्यू यांच्या फायली अगदी सारख्याच असतात. हक्क कागदावर असतो, डिस्कवर नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या म्हणजे डिस्कवर जे आहे ते कागदाशी ताडून पाहणं, एवढंच.

दुसरी: ही प्रत कसली आहे? (दोन मिनिटं)

डीएसपीएमक्यूव्हर ही कमांड द्या. आवृत्तीच्या खाली लायसन्सचा प्रकार छापला जातो: प्रॉडक्शन, ट्रायल किंवा डेव्हलपर.

ट्रायल असेल तर ९० दिवसांची घंटा वाजत असते. विकत घेतलेल्या पॅकेजमधली प्रॉडक्शन लायसन्सची छोटी फाइल घेऊन सेटएमक्यूपीआरडी कमांड चालवली की काम होतं, पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. डेव्हलपर असेल तर ती प्रत फुकट आहे, पण शिकण्यासाठी आणि फ्लो बांधून बघण्यासाठी. तिच्यावर कारखान्याचा रोजचा व्यवहार चालवायचा नाही.

सेकंदाला एक संदेश सरकत असेल तर एसीईचीही प्रत बघा. एसीईच्या डेव्हलपर प्रतीला तेवढाच वेग बांधून दिलेला आहे. उरणच्या एका कंटेनर यार्डात यावरून दोन दिवस स्विच आणि केबल बदलत होते, नंतर कुणीतरी मला विचारलं. योग्य प्रत टाकल्यावर दहा मिनिटांत रांग मोकळी झाली.

एक सावधगिरी. "प्रॉडक्शन" दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ती फाइल फक्त ट्रायल संपवते. एमक्यू वहिवाटीचं आहे की मालकीचं, याबद्दल ती काही सांगत नाही.

तिसरी: ताटात काय काय वाढलंय? (पाच मिनिटं)

लिनक्सवर इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांची यादी काढा आणि एमक्यूसिरीज नावाने सुरू होणारी पॅकेजं बघा. सर्व्हर, रनटाइम, क्लायंट, जावा ही नेहमीची मंडळी. यादीत संदेश कूटबद्ध करणारं एएमएस, फाइल पाठवणारं एफटी एजंट किंवा एफटी सर्व्हिस, टेलिमेट्रीचं एक्सआर किंवा डेटाची प्रतिकृती ठेवणारं आरडीक्यूएम दिसलं तर थांबा. ही एमक्यू ॲडव्हान्स्डची अंगं आहेत. कागदावर साधं एमक्यू असेल तर ही पॅकेजं तुमची नव्हेत.

बहुतेक वेळा ती कुणी जाणूनबुजून घेतलेली नसतात. इन्स्टॉल करणाऱ्याने फोल्डरमधली सगळी पॅकेजं एका दमात टाकलेली असतात, झालं. वापर नसेल तर काढून टाका. फक्त काढल्याची तारीख लिहून ठेवा, ती पुढे लागते.

नुसता क्लायंट (दुसरीकडच्या क्यू मॅनेजरला जोडून घेण्यापुरता भाग) असलेल्या मशीनची काळजी करू नका. एमक्यूच्या क्लायंटला वेगळे पैसे पडत नाहीत. घोळ सर्व्हरचा असतो.

चौथी: क्यू मॅनेजरशी कोण बोलतंय?

खरा चोर बहुतेक इथे सापडतो, म्हणून इथे वेळ घाला.

एमक्यूच्या कमांड खिडकीत डिस्प्ले कॉन चालवा आणि प्रत्येक जोडणीचा ॲप टॅग (जोडलेल्या प्रोग्रामचं नाव), चॅनेल (ती नेटवर्कवरून आत येते ती वाट), आयपी पत्ता आणि युजर मागवा. लोट्याच्या एका रसायन कारखान्यात मी हे पहिल्यांदा चालवलं ती यादी अजून डोळ्यांपुढे आहे. ओळीने डेटाफ्लोइंजिन, डेटाफ्लोइंजिन, डेटाफ्लोइंजिन. ही एसीईची स्वतःची प्रक्रिया, ती असायलाच हवी. मग एमक्यू एक्सप्लोरर (क्यू बघायचा-सांभाळायचा प्रोग्राम), कारण माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने तो उघडा ठेवला होता. आणि अगदी तळाशी जावा क्लायंटची एक ओळ, पत्ता गेटजवळच्या केबिनचा.

केबिन वजनकाट्याची. टँकर काट्यावर चढला की काट्याचा प्रोग्राम वजन क्यूमध्ये टाकायचा, तिथून एसीईचा फ्लो ते उचलून हिशेबाच्या सिस्टिमला द्यायचा. इथवर ठीक म्हणता येईल. पण क्यूंची नावं चाळताना आणखी एक जोडी दिसली: काट्याचा प्रोग्राम दुसऱ्या क्यूमध्ये "भरला" असा संदेश टाकत होता आणि गेटच्या अडसराचा प्रोग्राम तो वाचून अडसर उचलत होता. काट्याकडून निघालेला संदेश थेट गेटला पोचायचा, एसीईचा त्यात वाऱ्यालाही संबंध नव्हता. विहिरीच्या वाटेवरून चिऱ्यांचा ट्रक गेला तो हा.

कुणी केलं विचारलं तर मेंटेनन्समधला एक हुशार, कष्टाळू माणूस पुढे आला. "एमक्यू होतंच ना सर, म्हटलं वापरूया." प्रत्येक ठिकाणी असाच एक भला माणूस असतो, आणि त्याला कुणीही नियम सांगितलेला नसतो. त्याच्यावर ओरडू नका. त्याला सोबत घेऊन बसा, कारण कुठे काय जोडलंय हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

अशा एका क्यूमुळे काय बिघडतं? एमक्यूचा स्वतंत्र वापर सुरू झाला की त्या क्यू मॅनेजरसाठी एमक्यूचं स्वतंत्र लायसन्स लागतं, आणि ते क्यूवर मोजलं जात नाही, कोअरवर मोजलं जातं. नेहमीच्या दोन सॉकेटच्या इंटेल सर्व्हरला प्रोसेसरच्या एका कोअरमागे ७० पीव्हीयू (प्रोसेसर व्हॅल्यू युनिट, लायसन्स मोजायचं आयबीएमचं एकक; रिपोर्टातला आकडा याचाच) धरतात. आठ कोअर असतील तर ५६०. गेटचा अडसर दिवसाकाठी चाळीस वेळा उचलण्यासाठी ५६० पीव्हीयू! त्यात रिपोर्ट काळातला सर्वोच्च आकडा धरतो, सरासरी नाही. एक दिवस चुकलात तरी बाकी तिमाहीभराची.

डिस्प्ले कॉन त्या क्षणाचंच चित्र दाखवतं हे विसरू नका. महिनाअखेरीला दोन तास येणारा प्रोग्राम तुम्ही मंगळवारी दुपारी बघाल तर दिसणार नाही. मी दर पंधरा मिनिटांनी ही यादी फाइलमध्ये टाकणारी क्रॉन नोंद (लिनक्सवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावतो आणि पूर्ण महिना चालू देतो. लोकांना महिना फार वाटतो. पण आठवड्यावर थांबलो त्या दोन्ही ठिकाणी मला परत जावं लागलं.

दुरुस्तीचे मार्ग:

एसीईशी संबंध नसलेला संवाद एमक्यूवरून हलवा. काटा आणि गेटसाठी आम्ही अपाचीचं ॲक्टिव्हएमक्यू बसवलं. ते मुक्त परवान्याचं आहे आणि एवढ्या कामाला पुरून उरतं. रॅबिटएमक्यूही चाललं असतं. दोन दिवसांचं काम होतं, त्यातला एक दिवस गेटवरच्या माणसाला नवीन स्क्रीनची भीती घालवण्यात गेला.

एसीईलाच द्यायचा डेटा असेल तर क्यूच्या ऐवजी तो एचटीटीपीने थेट फ्लोला द्या. मग एमक्यूला एसीईखेरीज कुणी शिवतच नाही, आणि कागदावर वाद उरत नाही. क्यूच हवी असेल, म्हणजे बाहेरचं ॲप्लिकेशन टाकेल आणि एसीई उचलेल, तर तुमच्या आवृत्तीच्या कागदातलं वाक्य दाखवून विक्रेत्याकडून लेखी होकार घ्या. फोनवरचा "चालतंय हो" उपयोगाचा नाही. असा होकार देणारा माणूस ऑडिटच्या वेळी बदलून गेलेला असतो.

आणि वाट मोकळी झाली की फाटक लावा. चॅनेल ऑथेंटिकेशनचे नियम लिहून एसीईच्या युजरखेरीज सगळ्या जोडण्या अडवा. हे केलं नाही तर सहा महिन्यांनी दुसरा भला माणूस येतो. ज्या ठिकाणी मी फाटक लावलं तिथून याच कारणासाठी पुन्हा फोन आलेला नाही.

पाचवी: दोघं एकाच मशीनवर आहेत का?

एसीई एका मशीनवर आणि त्याचं "सोबतचं" एमक्यू दुसऱ्याच मशीनवर असेल तर कागद पुन्हा उघडा. मी स्वतः दोन्ही एकाच मशीनवर नसतील तर बाकी आहे असंच धरून चालतो, आणि लेखी उलट मिळालं तरच तो आकडा खोडतो.

मुद्दाम वेगळं कुणी करत नाही, ते घाईत होतं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा बाजारपेठेतल्या एका ऑफिसचा सर्व्हर तळमजल्यावर होता. पाणी ओसरल्यावर आम्ही तो उघडला तर पंख्याच्या पात्यांवर चिखलाचा थर बसलेला आणि आतून वाशिष्ठीचा वास येत होता. डिस्कचा बॅकअप सुदैवाने खेडला होता. मिळाली ती भाड्याची दोन मशीनं लावली. एकाची मेमरी कमी होती, म्हणून एसीई एकावर आणि एमक्यू दुसऱ्यावर टाकलं. चार दिवसांत काम सुरू झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली. लायसन्सचा विचार कुणाच्याही मनात आला नाही, माझ्याही नाही. तात्पुरती म्हणून लावलेली ती दोन मशीनं पुढे तीन तिमाही तशीच राहिली, आणि रिपोर्टात एमक्यूची ओळ उभी राहिली.

दुरुस्ती सोपी होती: मेमरी वाढवली, क्यू मॅनेजर एसीईच्या मशीनवर नेला, दुसरीकडचं एमक्यू काढलं. नुसतं बंद ठेवून भागत नाही, कारण टूल इन्स्टॉल झालेलं मोजतं, चालू असलेलं नाही. पण हलवण्याआधी प्रत्येक क्यूची खोली शून्य आहे हे दोनदा बघा. न उचललेले संदेश असलेला क्यू मॅनेजर डिलीट केला की ते संदेश गेले. लायसन्स वाचवायला गेलात आणि आठवड्याची चलनं घालवलीत, असं होऊ नये.

याच तपासणीत एक प्रश्न विचारून घ्या: एमक्यू हवंच आहे का? फ्लो सगळे एचटीटीपी आणि फाइलवर चालत असतील आणि क्यू मॅनेजरला टेकणारा एकही नोड (फ्लोमधला टप्पा) त्यांत नसेल, तर एमक्यू काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कुडाळला तेच निघालं. जुन्या सवयीने टाकलेलं एमक्यू दोन वर्षं रिकामं बसलं होतं. काढलं, पुढच्या रिपोर्टात ओळ गेली. व्यवस्थापकांनी काजूची पिशवी पाठवली, ती मात्र खरोखर फुकट आली.

सहावी: टूल स्वतःच चुकतंय का?

वरचं सगळं स्वच्छ असेल आणि तरी ओळ दिसत असेल तर आता आयएलएमटीकडे वळा. आधी नको. आधी टूल दुरुस्त केलं तर ताप उतरतो, पण दुखणं तसंच राहतं.

टूलला एमक्यू सर्व्हर सापडला की ते आपल्या समजुतीने तो एखाद्या उत्पादनाखाली टाकतं. फायली सारख्याच असल्यामुळे त्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून पुष्कळदा ते स्वतंत्र एमक्यू धरून चालतं. सॉफ्टवेअर वर्गीकरणाच्या पानावर जाऊन तो घटक एसीईच्या खाली नेमा आणि कन्फर्म करा. कन्फर्म करायला लोक विसरतात. कारणाची टिप्पणीही लिहा: कोणत्या पीओईनुसार, कोणत्या आवृत्तीच्या कागदानुसार.

"परत येतं" याचं उत्तर इथे आहे. एमक्यूची नवी आवृत्ती टाकली किंवा मशीन नव्याने उभं केलं की टूलच्या दृष्टीने तो नवा घटक असतो, आणि नव्या घटकाला जुनं वर्गीकरण लागेलच असं नाही. म्हणून अपग्रेडच्या कामाच्या यादीत शेवटची ओळ हीच ठेवा: आयएलएमटीत वर्गीकरण बघणे.

दुसरी गोष्ट व्हर्च्युअल मशीनची. व्हर्च्युअल मशीनच्या कोअरपुरतंच लायसन्स भरायचं असेल तर आयएलएमटी चालू असणं ही अट आहे. या सवलतीला पात्र असलेलं पहिलं सॉफ्टवेअर टाकल्यापासून ९० दिवसांच्या आत ते बसवायचं, तिमाहीला निदान एक रिपोर्ट काढायचा आणि रिपोर्ट दोन वर्षं जपायचे. हे चुकलं तर मोजणी व्हर्च्युअल मशीनवरून अख्ख्या यंत्रावर जाते. चार कोअरचं व्हर्च्युअल मशीन २८० पीव्हीयू. तेच ज्या यंत्रावर उभं आहे त्याला सोळा-सोळा कोअरची दोन सॉकेट असतील तर ३२ गुणिले ७०, म्हणजे २,२४०. आठपट.

टूलच्या सर्व्हर यादीत टीएलएम_व्हीएम असं सुरू होणारं नाव दिसलं तर टूलला व्हर्च्युअलायझेशनच्या व्यवस्थापकाशी बोलता येत नाहीये. मग ते कोअरमागे ७० ऐवजी १२० धरतं आणि २८० चे ४८० होतात. बहुतेक वेळा कुणीतरी पासवर्ड बदललेला असतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन तो व्यवस्थापक उशिरा उठतो आणि जोडणी तुटलेलीच राहते. जून ते सप्टेंबर मी हे दर सोमवारी बघतो.

वर्गीकरण बदलून खरा स्वतंत्र वापर झाकायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद टूल ठेवतं, आणि ऑडिटर आधी तीच मागतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ऑडिटचं पत्र आलं असेल तर वरचं काहीही करू नका. पत्रानंतर काढलेलं पॅकेज आणि बदललेलं वर्गीकरण हे पुरावा लपवल्यासारखं दिसतं, हेतू कितीही चांगला असो. सर्व्हर जसा आहे तसा ठेवा, मालकांना सांगा, लायसन्सचा सल्लागार आणि कंपनीचा वकील या दोघांना एकत्र बसवा. उत्तराचा मेल आयटीवाल्याने एकट्याने पाठवू नये. मी तो पाठवत नाही.

पत्र आलेलं नाही, पण चौथ्या तपासणीत स्वतंत्र वापर सापडला आणि तो बरेच महिने चाललेला आहे, तरीही सल्लागार हवाच. पासपोर्ट ॲडव्हांटेजच्या करारात जास्तीच्या वापराचं लायसन्स तर भरावं लागतंच, शिवाय त्यावरचं सपोर्ट शुल्क मागच्या काळाचं, जास्तीत जास्त दोन वर्षांचं, लावता येतं. हा आकडा आपण होऊन कळवायचा की कसा, हे आयटीच्या माणसाने ठरवायचं काम नाही.

क्लस्टरमध्ये एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप सरकणारी व्हर्च्युअल मशीनं, कंटेनरमध्ये चालणारं एमक्यू, राखीव क्यू मॅनेजर असलेली जोडी, किंवा दुसरी कंपनी विकत घेतल्यावर तिच्यासोबत आलेलं एसीई, यांपैकी काही असेल तर मीसुद्धा हात जोडतो. यांचे नियम वेगळे आहेत आणि अर्धवट माहितीवर केलेली मोजणी दोन्ही बाजूंनी चुकते. एका ठिकाणी लोक घाबरून गरज नसताना दुप्पट भरत होते.

सल्लागाराकडे जाताना चार गोष्टी घेऊन जा: पीओई, तुमच्या आवृत्तीचा लायसन्स दस्तऐवज, महिनाभराच्या जोडण्यांची फाइल आणि मागच्या आठ तिमाहींचे रिपोर्ट. एवढं असेल तर त्याचं काम अर्ध्या दिवसात आटोपतं. नसेल तर तो आधी हेच चार गोळा करायला बसतो आणि मीटर त्याचा चालू असतो.